लेव्ही म्हणू की पट्टी?

प्रश्न सिएटलजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा. टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर शाळांसाठी 'प्रॉपर्टी टॅक्स लेव्ही' मंजूर आहे का, असं विचारलंय. आईला फोनवर सांगताना तो 'अधिभार' म्हणाला. चाललं का?

नाही चाललं. अधिभार म्हणजे करावर चढलेला कर. ही आकारणी थेट घराच्या मूल्यावर होते. 'लेव्ही' तसाच ठेवला, तर आईला लेव्हीची ज्वारी नाहीतर लेव्हीची साखर आठवणार. सरकारने आपल्या भावाने उचललेला माल तो! ती लेव्ही कोणी मतं विचारून घेतली नव्हती. त्यामुळे 'मतदारांनी मंजूर केलेली लेव्ही' ऐकून आपला कान जरा अडखळतोच.

मी 'पट्टी' म्हणेन. घरपट्टी, पाणीपट्टी रोजच्या बोलण्यातल्या आहेत. पण पट्टीचा जुना अर्थ म्हणजे एखाद्या कामासाठी बसवलेली जादा रक्कम. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या खर्चासाठीची सिंहासनपट्टी तशीच. काम आधी, पट्टी मागून. म्हणून इथे 'शाळापट्टी'. ('वर्गणी' नको. वर्गणीवाले आले की दार लावून घेता येतं. ही एकदा मंजूर झाली की विरोधात मत देणाऱ्यालाही भरावी लागते.)

सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे या शाळापट्टीला पूर्वी ६० टक्के मतं लागत. २००७ च्या घटनादुरुस्तीनंतर निम्म्याहून एक जास्त मिळालं तरी पुरतं. शाळा बांधायच्या कर्जरोख्यांना मात्र ६० टक्क्यांची अट अजून आहे. त्यांची फेडही घरमालकांकडूनच होते. तिच्यासाठी पेशवाईतला 'कर्जपट्टी' घ्यावा, आयता आहे.

खरी गंमत 'एक टक्क्याची मर्यादा' या शब्दांत आहे. तिथे अशा दोन मर्यादा आहेत. एक १९७२ ची: नेहमीच्या सगळ्या पट्ट्या मिळून मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्यावर जाऊ नयेत. शाळापट्टी तिच्याबाहेरची. दुसरी २००१ च्या सार्वमतातली: नवी बांधकामं सोडून एकूण वसुली वर्षाला १ टक्क्याहून जास्त वाढू नये. २००७ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, विधिमंडळाने त्याच वर्षी पुन्हा आणली. ही दुसरी ओलांडायची असली की पुन्हा मतदारांकडे जावं लागतं. मराठीत पहिलीला 'मूल्याच्या एक टक्का' म्हणा, दुसरीला 'वर्षाला एक टक्क्याने'. त्या 'ने'ने घोटाळा टळतो.