"कुणाला सांगू नका" म्हणालीस, त्यावरच लिहायले

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री पावणेबाराला आला, मी जागीच होते, वाचला, पण उत्तर दिलं नाही, कारण असल्या गोष्टीवर अंगठ्यानं चार ओळी टाईप करून मोकळं व्हायला मला जमत नाही. तू लिहिलंस की डॉक्टरनी वजन उतरवायचं ऑपरेशन करता येईल म्हणून सांगितलंय, दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात होणारे, त्याच्या आत उरकून घ्यावं वाटायलंय, आणि शेवटी, "मॅडम हे कुणालाच सांगू नका, आईला पण माहीत नाही." बाकीचं मागून बोलू, आधी ह्या शेवटच्या वाक्याचं बघू, कारण तेच वाक्य मी माझ्या नवऱ्याला म्हणाले होते आणि लई महागात पडलं.

तुला माहितीय मी कशी होते. सहावीच्या वर्गात तुम्ही पोरं मला मागून काय म्हणायची ते मला ठाऊक होतं, आणि तुला काय म्हणायची ते पण. 118 किलो वजन, उंची पाच फूट एक इंच. डाएट काय कमी केले का मी? दिवसातून दोनदाच, दर वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायचा तो डाएट आमच्या लातुरातूनच सगळ्या महाराष्ट्रात गेला, तो मी केला, त्यात 11 किलो उतरले आणि लग्नसराई आली तसे 14 चढले. दोष डाएटचा नाही गं, कितीतरी लोकांना फरक पडलाय, मलाच टिकवता आला नाही. शुगर होती, बीपी होता, पण ऑपरेशनचं ठरलं ते ह्याच्यामुळं नाही. घोरता घोरता माझा श्वास एकाएकी थांबायचा आणि हे रात्री उठून बसायचे, मोबाईलच्या उजेडात माझ्या छातीकडं बघत सेकंद मोजायचे. एकदा सकाळी चहा पिताना मला म्हणाले, "रात्री बावीस मोजले." एवढंच. पुढं काही बोलले नाहीत, पेपर उघडून बसले. त्या बावीसनं मी पुण्याला गेले.

2022 च्या उन्हाळी सुट्टीत केलं. रजेचा प्रश्न नको म्हणून मे महिना धरला, मास्तरांची हुशारी. घरात सांगितलं हर्नियाचं ऑपरेशन आहे. सासूबाई, जाऊबाई, शाळेतला स्टाफ, सगळ्यांना हर्निया. का लपवलं? लाज. लोक म्हणतील तोंड आवरता आलं नाही म्हणून पोट कापून घेतलं. पैसे पतसंस्थेतून काढले, ते पण "घराच्या दुरुस्तीसाठी" म्हणून लिहून दिलं.

आता लपवायचं म्हणजे काय करावं लागतं ते ऐक. आपल्याकडं पाहुण्याला वाढताना हात पुढं केला तरी बोटांच्या फटीतनं वाढतात, आणि सासूबाई तर वाढणाऱ्यांच्या पण सरपंच. ऑपरेशननंतर माझ्या जठराची वरची पिशवी राहिली कोंबडीच्या अंड्याएवढी, आणि ताटात दोन भाकरी, येसर आमटी, वर लोणी. नाही म्हणायची सोय नाही कारण हर्नियाला भाकरी चालते. मग मी भाकरी पदरात घ्यायची आणि मागच्या दारी कुत्र्याला घालायची. आठ महिने ते कुत्रं माझ्या वाटचं जेवलं. मी वाळले आणि ते टम्म झालं.

आणि मग येळवस आली, आमच्याकडची शेतात पूजा आणि जेवण करायची अमावास्या. शेतात कडब्याची कोप, पाच पांडव मांडलेले, भज्जी, आंबील, उंडे आणि गुळातली गव्हाची खीर, चाळीस माणूस पंगतीला. जाऊबाईनं खीर वाढली, वर तुपाची धार, "आज तरी खा, किती वाळलीस." मी खाल्ली. वाटीभर नव्हे, चार-पाच चमचेच असतील. पंधरा मिनिटांत छाती धाडधाड करायला लागली, अंगाला दरदरून घाम, डोळ्यापुढं अंधारी, पोटात असा मुरडा की मी उठून तुरीत पळाले. ह्याला डम्पिंग म्हणतात, जठराचा बायपास, म्हणजे जठराची बारकी पिशवी ठेवून ती थेट आतड्याला जोडायचं ऑपरेशन, झालेल्या माणसानं गोड खाल्लं की ते जठरात न थांबता भसकन आतड्यात उतरतं आणि शरीर असं बिथरतं. मला डिस्चार्जच्या वेळीच सांगितलं होतं. पण तिथं कुणाला काय माहीत? सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, दीर म्हणाले हार्ट अटॅक आहे, जीपमध्ये घातलं, लातूरला नेलं, ईसीजी काढला. डॉक्टर विचारायले पूर्वी काही ऑपरेशन झालंय का, दीर सांगायले हर्निया, आणि मी स्ट्रेचरवर पडून गप. शेवटी ह्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं.

सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. ह्यांना म्हणाल्या, "आठ महिने मी पहाटे उठून हिच्यासाठी थापलं ते कुत्र्यानं खाल्लं व्हय." त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलणं बंद. सोळाव्या दिवशी एका वाटीत हुलग्याचं माडगं आणून ठेवलं, पातळ, गूळ न घालता, आणि "किती चालतं ते आता नीट सांग" म्हणाल्या. तेव्हापासून माझं प्रोटीन त्याच बघतात. दिवसाला 60 ग्रॅमच्या वर जायला पाहिजे म्हणून मी सांगितलं तर त्यांनी डायटीशियनचा कागद स्वयंपाकघरात फ्रिजला चिकटवला, वाचता येत नाही त्यांना, पण नातवाकडून पाठ करून घेतला.

आता तुझं बघ. तू 23 ची, पीसीओडी आहे, पाळी चार-चार महिने येत नाही. वजन उतरायला लागलं की पाळी बऱ्याचदा सुधारते, दिवस राहायची शक्यता वाढते, आणि नेमकं तेव्हाच दिवस राहू द्यायचे नसतात. साधारण 12 ते 18 महिने थांबा म्हणतात, कारण शरीर तेव्हा झपाट्यानं उतरत असतं, अंगात लोह, बी12, फॉलिक कमी पडतं, त्यात बाळाचं काय होणार? आणि बायपास केला तर पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पण पूर्ण विसंबता येत नाही, ते डॉक्टरला वेगळं विचारावं लागतं. मग समज तू सप्टेंबरला ऑपरेशन केलंस, फेब्रुवारीत लग्न झालं, आणि सासरी कुणाला माहीत नाही. एप्रिलपासून "काही आहे का गं" सुरू होईल, तू काय सांगणार? केस गळायला लागतील, बऱ्याच जणींचे तिसऱ्या महिन्यापासून गळतात, माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी राहिली होती, पुढं येतात परत पण ते सहा महिने नवी नवरी काय सांगणार? माझी सासू वीस वर्षांची ओळखीची होती म्हणून माडगं आलं. तुझी तर अजून ठरायचीय.

म्हणून मी म्हणते, स्थळांच्या आधी उरकायचं हे कारणच डोक्यातून काढ. करू नको म्हणत नाही मी. तुझे गुडघे, तुझी पाळी, तुझी झोप, ह्यासाठी करायचं असेल तर कर, आणि लग्न दीड वर्ष पुढं ढकल, आणि ज्या घरात जाशील तिथं आधी सांग. सांगितल्यावर नाही म्हणाले तर? म्हणू दे की. एका वाटीपेक्षा जास्त खायला न लागणारी सून नको असेल तर ती सोयरीक तशी पण अवघड होती.

ऑपरेशनचं डॉक्टर बोलतीलच, तरी मला कळलेलं सांगते. तुझं 88 किलो आणि 158 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 35 च्या जरा वर. 1991 पासून जगभर ऑपरेशनला बीएमआय 40, किंवा आजार असतील तर 35, असा हिशोब चालायचा. 2022 ला दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला, आणि आपल्या आशियाई लोकांसाठी आणखी खाली, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर धरते. म्हणून तुझ्या डॉक्टरनी करता येईल म्हटलं त्यात चूक नाही. पण इन्शुरन्सवाले अजून जुन्याच आकड्यावर बसलेत, 40 पाहिजे, किंवा 35 च्या वर असून हृदयाचा आजार, झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर त्रास नाहीतर आटोक्यात न येणारी शुगर, ह्यातलं काहीतरी पाहिजे. पीसीओडी त्या यादीत नाही. एजंट काय पण सांगेल, तू पॉलिसीचा कागद स्वतः वाच. मला सगळं मिळून तीन लाखाच्या वर गेले, आणि पुढच्या गोळ्यांचा खर्च कुणी धरतच नाही.

स्लीव्ह का बायपास ह्यात मैत्रिणीचं ऐकू नको. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाच्या वर भाग कापून काढून टाकतात, तो परत येत नसतो, त्याच भागात भूक लावणारं घ्रेलिन जास्त तयार होतं म्हणून भूक पण कमी होते. पण ज्याला आधीच जळजळ आहे त्याची स्लीव्हनंतर वाढू शकते. मला जळजळ होती आणि शुगर होती म्हणून बायपास. आणि हल्ली ती वजन उतरवायची आठवड्याची इंजेक्शनं आलीत, 2025 पासून आपल्याकडं मिळायलीत, ते पण विचार डॉक्टरला, तुझ्या वजनाला तो रस्ता आधी बघण्यासारखा असू शकतो, फक्त बंद केल्यावर काय होतं ते पण त्याच बैठकीत विचार. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, झोपेची तपासणी, मानसोपचारवाल्यांची भेट, हे न करता कुणी थेट तारीख द्यायलं तर उठून ये तिथनं.

आधीचे दोन आठवडे लिव्हर बारीक करायला कमी कॅलरीचं खायला लावतात, ते ऑपरेशनपेक्षा वाईट. ऑपरेशन म्हणशील तर पाच भोकं, त्याच संध्याकाळी चालायला लावलं, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शनं, आणि श्वास आत ओढून तीन गोळे वर उचलायचं ते खेळणं. दुखलं, पण सिझरपेक्षा कमी.

खरा त्रास पाण्याचा. लातूरचा मे महिना, आणि एका वेळी दोन घोट. गटागटा पिता येत नाही, जेवताना पिता येत नाही, जेवल्यावर अर्धा तास पिता येत नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही तांब्या तांब्या मोजून वापरलेला, आता घरात पाणी भरलेलं आणि मी चमच्यानं मोजायले. तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळा केला, चक्कर येऊन पडले, दोन दिवस सलाईन लागलं. तू केलंस तर उन्हाळ्यात करू नको, सुट्टी गेली खड्ड्यात. आणि बाटलीवर पेनानं रेघा मार, तासाला कुठवर यायला पाहिजे त्याच्या.

भूक मेली म्हणजे खायची इच्छा मेली असं समजू नको हां. महिना-दीड महिना पातळ आणि मग गिळगिळीत खाऊन झाल्यावर एके दिवशी जाऊबाई खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायल्या होत्या, तो वास आला आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. भूक नव्हती एक पैशाची. कशाला रडले सांगता येत नाही. चिडले, कंटाळले, मतदार यादीची, बीएलओची ड्युटी लागली की मी खायची, आता तो दरवाजा बंद झाला होता आणि दुसरा कुठला मला माहीत नव्हता. मग संध्याकाळी चालायला लागले, आधी गल्लीच्या टोकापर्यंत.

शाळेत पोषण आहाराची चव घेऊन रजिस्टरला सही करायचं काम माझ्याकडंच होतं. आधी चव म्हणजे वाटी. आता एक चमचा, वीस-पंचवीस वेळा चावून. खिचडीत मीठ कमी आहे का जास्त हे मला नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी नीट कळायला लागलं. आणि पोट भरलं की मला नाक गळायला लागतं, खरंच, हसू नको, सर्दीसारखं. पोरं म्हणतात मॅडमचं नाक आलं, डबा बंद.

वजन म्हणशील तर वर्षानं 79 झालं, आता 84 आहे. परत थोडं चढतं, बहुतेकांचं चढतं. शुगरची गोळी बंद, बीपीची अर्धी चालू. दंडाची कातडी लोंबते म्हणून ब्लाऊजच्या बाह्या कोपरापर्यंत. बी12, कॅल्शियम, लोह, डी हे जन्मभर, आणि दरवर्षी रक्त तपासायचं. आणि एक, गुडघा दुखला म्हणून गावातल्या डॉक्टरकडं गेलीस की ते पहिलं डायक्लोफिनॅक टोचतात, बायपासवाल्याला असल्या दुखण्याच्या औषधांनी अल्सर होऊ शकतो. त्यांना तोंडानं सांगावं लागतं की माझं असं असं ऑपरेशन झालंय. बघ, इथं पण परत सांगण्यावरच आलं. मी आता पाकिटात चिठ्ठी ठेवते.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही, सांगणार पण नाही, ते तुझं काम. पण रविवारी तिला घेऊन ये घरी. अकराच्या आत ये, नंतर ऊन लागतं. सगळे रिपोर्ट आण, पॉलिसी असेल तर ती पण. तुझ्या आईला काय वाटेल ह्याची काळजी करू नको, तिच्याशी बोलायला सासूबाई आहेत, त्यांनी कालच हुलगे निवडून ठेवलेत. कुत्र्याची गोष्ट त्या सगळ्यांनाच सांगतात, तुम्हाला पण सांगतील, पहिल्यांदाच ऐकायल्यासारखं ऐका.

तुझी,
मॅडम