वजनाचं जॅकेट घालून चालायचंय, दहा किलोचं घेऊ का?

दहा किलोचं मुळीच नको. सुरुवात आपल्या वजनाच्या ५ टक्क्यांनी करा. ७० किलोच्या माणसाला साडेतीन किलो पुरे. मग हळूहळू १० टक्क्यांपर्यंत. म्हणून वजनं काढता-घालता येतील असंच घ्या. दुकानात अंगावर चढवून जागच्या जागी दोन उड्या मारा, दुकानदार हसला तर हसू दे. खांद्यावर आपटत असेल तर परत ठेवा. पट्टे आवळल्यावरही छातीभर श्वास घेता आला पाहिजे. मी बडोद्याच्या कमाटीबागेत पहिल्याच दिवशी हौसेने आठ किलो चढवले. बँडस्टँडपाशी पोचेपर्यंत मान आखडली! गुडघे-कंबर दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्यातून दोन-तीनदा, वीस मिनिटं बास. आणि बडोद्याच्या मे महिन्यात ऊन चढायच्या आत घरी या, त्या जॅकेटात नुसती भट्टी होते.