धुराचा वास लागलेलं पुस्तक

प्रश्न : ताई, आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. मुलगी अकरावीला, सायन्सला. सुट्टी लागल्यापासून ‘ह्योका’ नावाचं एक जपानी कार्टून तिसऱ्यांदा बघते आहे. मी दोन दिवस शेजारी बसलो. खून नाही, भूत नाही, मारामारी नाही. चार पोरं शाळेत बसून, लायब्ररीतलं एक पुस्तक कोण कशाला नेतं यावर अर्धा तास डोकं चालवतात. तिला विचारलं तर म्हणते, “बाबा, तुम्हाला नाही कळायचं.” यात एवढं आहे तरी काय?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : भाऊ, तुम्ही दोन दिवस शेजारी बसलात हे मला फार आवडलं. तुम्ही पाहिलात तो दुसरा भाग. माझ्या भाच्यानं मलाही आधी तोच दाखवला होता.

शाळेच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ. दर शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत एक मुलगी तो नेते आणि शाळा सुटल्यावर लगेच परत करते. पाच आठवडे, पाच वेगळ्या मुली. एवढा ग्रंथ एका दुपारात वाचणार कोण? त्या चार पोरांतली चितांदा ते पुस्तक नाकाशी नेते, तिला कसलासा वास येतो. ओरेकी हा एरवी गरजेपलीकडे बोटही न हलवणारा मुलगा, पण त्या वासावरून तो उत्तराशी पोचतो. उत्तर मी इथे लिहीत नाही, लेकीला विचारा. तिथे मात्र मी भाच्याला मालिका थांबवायला सांगितली, कारण मला माझं एक पुस्तक आठवलं.

मी रत्नागिरीजवळच्या एका हायस्कुलात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. एका पावसाळ्यात आठवीतल्या एका मुलाकडून परत येणाऱ्या पुस्तकांना धुराचा वास यायला लागला. मागे पोरांची रांग उभी असताना मी त्याला विचारलं, “घरात विड्या कोण ओढतं रे एवढ्या?” पोरं हसली. तो खाली मान घालून उभा राहिला. त्यानंतर दोन आठवडे तो लायब्ररीत फिरकला नाही.

गणपतीच्या सुट्टीआधी आम्ही कपाटं रिकामी करून पुस्तकं पुसायला काढली. आषाढ-श्रावणात आपल्याकडे पुस्तकांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पुठ्ठ्यांवर बुरशी, पानं एकमेकांना चिकटलेली. त्या ढिगात चार पुस्तकं खडखडीत कोरडी निघाली. नाकाशी नेली, तर तोच धूर. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याची आई पुस्तक फडक्यात गुंडाळून चुलीवरच्या फळीवर, पडवळाच्या बियाण्याच्या पोटळीशेजारी ठेवायची. शाळेची वस्तू, दमट व्हायला नको म्हणून. मी त्या मुलाची माफी मागितली, पण एकट्यात. बोलले होते चारचौघांत. ते मला अजून सलतं.

म्हणून मला या मालिकेतला अठरावा भाग सगळ्यांत मोठा वाटतो. ओरेकीला एक जुने सर आठवतात. शिकवता शिकवता ते एकदा खिडकीशी गेले, हेलिकॉप्टर बघत राहिले आणि म्हणाले, मला हेलिकॉप्टर आवडतं. मुलं ते खरं धरून चालली होती. पण बाकी वेळा हेलिकॉप्टर गेलं तर सर ढुंकूनही बघत नसत, हे ध्यानात येतं तेव्हा ओरेकी अस्वस्थ होतो. आपण होऊन वाचनालयात जातो, जुनी वर्तमानपत्रं काढतो. सर गिर्यारोहक. त्या दिवशी त्यांचे सोबती डोंगरात अडकले होते, आणि हवा इतकी खराब की शोधासाठी तिकडे हेलिकॉप्टर जाऊ शकत नव्हतं. सर आभाळ उघडलं का ते बघत होते.

ते सर ओरेकीला पुन्हा कधी भेटतील असंही नाही. तरी त्यांच्याबद्दल न जाणता काहीतरी बोलून जाणं त्याला बरं वाटत नाही, एवढ्यासाठी तो जातो. भाऊ, आपल्या वाडीत कोण कुठे गेलं, कुणाकडे कोण आलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. का गेलं, हे शोधायला वाचनालयात किती जण जातात?

जपानीत अशा कथांना ‘निचिजो नो नाझो’ म्हणतात, रोजच्या जगण्यातलं कोडं. काओरु कितामुरा यांच्या १९८९च्या पहिल्या पुस्तकानंतर ही वाट रुळली. ते हायस्कुलात शिक्षक होते, आणि मला ते अगदी पटतं. ‘ह्योका’ ही होनोबु योनेझावा यांची २००१ची कादंबरी; ती आणि तिच्या पुढची पुस्तकं यांवरून क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओनं २०१२मध्ये २२ भागांची मालिका केली. या मुलांकडे ना पोलिसांचा अधिकार, ना प्रयोगशाळा. एकोणिसाव्या भागात तर ओरेकी आणि चितांदा दोघंच एका खोलीत, आणि हाती काय, तर शाळेच्या स्पीकरवर ऐकलेली एक सूचना! तेवढ्या शब्दांवरून ओरेकी थेट गुन्ह्यापर्यंत जातो. सोळाव्या वर्षी मुलांना कळलेलं असतं की मोठ्यांच्या वागण्यामागे कारणं असतात. सांगत मात्र त्यांना कुणी नाही. तुमची लेक ती कारणं शोधणारी माणसं बघते आहे.

या मालिकेचे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो १८ जुलै २०१९ला क्योतोतल्या त्या स्टुडिओला लावलेल्या आगीत गेले. एकूण ३६ जण गेले. हे कळल्यावर मी तो हेलिकॉप्टरचा भाग पुन्हा लावला आणि पुरता बघू शकले नाही.

आता एक करा. शेवटचा भाग तिच्याबरोबर बघा. चितांदा शेतकरी घराण्यातली. गावची मिरवणूक संपल्यावर ती ओरेकीला आपला मुलूख दाखवते : इथे पाणी आहे, माती आहे, माणसं थकत चालली आहेत, तरी मी इथेच परत येणार. सायन्स का घेतलं, तेही ती तिथेच सांगते. तुमच्या लेकीनं सायन्स का घेतलं हे तुम्ही तिला कधी विचारलंत का?

प्रश्न : ‘ह्योका’ संपली. आता काय पाहू?
— बारावीतला वाचक, वेंगुर्ला

उत्तर : योनेझावांचीच ‘शोशिमिन’, २०२४ची. तिच्यात एक मित्र तिघांसाठी गरम कोको करतो आणि नंतर बघावं तर बेसिन कोरडं. मग दूध तापवलं कशात? भाग लावण्याआधी आईच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहा आणि सुचलं तर मला कळव.