मान तडकली, पंख गळाले, रंग चिकट राहिला: मातीच्या अचाट प्राण्यांबद्दल तुमचे प्रश्न

गणपती झाले की घराघरात थोडा शाडू उरतो, मग कुणीतरी म्हणतं चला ड्रॅगन करू, आणि पंधरा दिवसांनी माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. यंदा निम्म्या लोकांनी विचारलंय की रंग कुठला घेऊ. सोबतचे फोटो बघितले तर बिचारा प्राणी रंगापर्यंत पोचायच्या आधीच मोडलेला! म्हणून आधी आतलं बघू, रंगाचं नंतर.

प्रश्न: ताई, उरलेल्या शाडूचा ड्रॅगन केला, आत चांगली जाड तार घातली होती तरी वाळल्यावर मानेला आणि पोटाला मोठ्या भेगा पडल्या. तार कमी पडली का? (सांगली)

उलट आहे हो, तार घातली म्हणूनच भेगा पडल्या. शाडू वाळताना आक्रसतो आणि तार काही आक्रसत नाही, मग माती बिचारी कुठेतरी फाटणारच, आणि जिथे थर पातळ आणि तार जाड तिथे म्हणजे मानेलाच आधी फाटते. त्यात तुम्ही लोखंडी बाइंडिंग वायर वापरलेली दिसतेय, ती ओल्या मातीत गंजते आणि ते तपकिरी डाग पुढे फिकट रंगातून वर येऊ शकतात. शाडूत काम करायचं तर थोडा कापूस पिंजून मातीत मळून घ्या, गणपतीवाले करतात तसं, त्याचे धागे माती धरून ठेवतात. वाळवताना उन्हात अजिबात ठेवू नका, ओलसर फडकं टाकून सावलीत चार-सहा दिवस हळूहळू वाळू द्या. पोट भरीव ठेवलं असेल तर खालून कोरून पोकळ करा, भिंत बोटाएवढी जाड राहिली तरी पुष्कळ.

आणि खरं सांगू का, शाडूत लांब मान काढूच नका. पेणच्या मूर्ती नीट बघा, हात मांडीवर टेकलेले, सोंड पोटाला लागलेली, हवेत लोंबकळणारं फार कमी असतं. तसाच वेटोळं घालून झोपलेला ड्रॅगन करा, मान पाठीवर टेकवा, शेपूट पायाभोवती. पडलेल्या भेगांत कोरडी माती कोंबू नका, भेगेच्या कडा ओल्या करा आणि बासुंदीइतकी दाट मातीची पेस्ट ब्रशने दोन-तीन वेळा थोडी थोडी भरा.

प्रश्न: ऑनलाइन पॉलिमर क्ले मागवली, ओटीजीत (घरच्या छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) भाजली तर शिंगं काळी पडली, घरभर उग्र वास सुटला आणि पोट मात्र कच्चंच. क्ले खराब आली का? (नागपूर)

क्लेवर आळ घेऊ नका, ओटीजीला धरा. पॉलिमर क्ले ही माती नाहीच मुळात, ते पीव्हीसी प्लॅस्टिक आहे, मऊ राहायला त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं आणि उष्णतेनं ते सगळं एकजीव होतं. फिमो ब्रँडच्या पाकिटावर ११० अंश लिहिलेलं असतं, स्कल्पी ब्रँडला १३० ते १३५ लागतं, आणि आपल्या घरच्या ओटीजीचं बटण १३० वर असताना आत १६० असू शकतं, कोणाला पत्ता नाही. शे-दोनशेचं ओव्हन थर्मामीटर आणा आणि आत ठेवून बघा. काम मधल्या जाळीवर, रॉडपासून लांब, आणि वरून फॉइलचा सैलसा तंबू करा म्हणजे शिंगं, कानांची टोकं जळणार नाहीत. काळं पडायला लागलं की बंद करून खिडक्या उघडा, पीव्हीसी जळताना निघणारा वायू छातीत जायला नको. मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच नाही.

पोट कच्चं राहिलं कारण ते क्लेचा गोळाच होता. आत ॲल्युमिनियम फॉइल घट्ट चुरगाळून गाभा करा आणि वर अर्धा-पाऊण सेंटिमीटर क्ले, वजनही कमी आणि पैसेही वाचतात. गाभ्याला थर्माकोल वापरायची अक्कल मात्र लढवू नका, मी लढवली होती, माझा पहिला गरुड ओव्हनमध्ये आतल्या आत बसला आणि बाहेर आला तेव्हा कोंबडीसारखा दिसत होता.

प्रश्न: मी सातवीत आहे. मी एअर ड्राय क्लेचा ड्रॅगन केला. पंख फेविकॉलने चिकटवले तरी गळतात. (रत्नागिरी)

अरे मस्त केलायस फोटोतला! पण तू पंख पाठीवर पान चिकटवल्यासारखे लावलेस. रत्नागिरीत आहेस ना, संध्याकाळी वटवाघळं उडताना बघ. त्याचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो, खांदा, कोपर, मनगट, एक छोटा अंगठा आणि चार लांबच लांब बोटं, बोटांच्या मध्ये ताणलेली कातडी. आता तसंच तारेत कर. ॲल्युमिनियमची एकच लांब तार डाव्या पंखाच्या टोकापासून खांद्यातून उजव्या पंखाच्या टोकापर्यंत जाऊ दे आणि मध्ये ती पाठीच्या तारेला पीळ देऊन बांध, म्हणजे पंख गळायला जागाच राहत नाही. बोटांच्या तारा मनगटाला बांध. आधी अंगावर क्ले लावून पूर्ण वाळू दे, दोन-तीन दिवस, मग पंखाला टिश्यू पेपर पाण्यातल्या फेविकॉलमध्ये बुडवून दोन-तीन थर दे. वाळला की चामड्यासारखा दिसतो, आणि हलका!

एक गंमत सांगते, चार पाय आणि दोन पंख म्हणजे सहा अवयव झाले आणि पाठीचा कणा असलेल्या कुठल्याच प्राण्याला सहा नसतात. म्हणून ड्रॅगनचे पंख कुठे लावायचे याचा सगळ्यांचाच गोंधळ होतो. पुढच्या पायांच्या खांद्यामागे अजून एक खांदा आहे असं समज आणि तिथे छाती जरा फुगीर कर, लगेच खरा वाटायला लागेल.

प्रश्न: सगळे ड्रॅगनच करतात, काहीतरी आपलं सुचवा. आणि माझे प्राणी तोंडावर पडतात, त्यावरही उपाय सांगा. (चिंचवड)

दोन्हीला एकच उत्तर, नवगुंजर करा! ओडिशातला आहे, सारळा दासांच्या ओडिया महाभारतात येतो, कृष्ण अर्जुनासमोर या रूपात उभा राहतो. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप, आणि पाय तीनच, हत्ती, वाघ आणि घोडा किंवा हरीण यांचे, चौथा म्हणजे माणसाचा हात. तीन पायांवर उभी असलेली गोष्ट डुगडुगत नाही, स्टुलाचं बघा ना. चार पायांत एक जरा आखूड झाला की संपलं.

तोंडावर पडण्याचं म्हणाल तर नुसता सांगाडा झाला की, माती लावायच्या आधीच, उभा करून बघा. वजनाचा मध्य पायांच्या मधल्या जागेवरच यायला हवा, डोकं मोठं असेल तर तो पुढे सरकतो. मग शेपूट जमिनीला टेकवा किंवा तिच्यात जुने नट-बोल्ट दाबून बसवा.

अजून आपल्याकडचे हवे असतील तर किल्ल्यांच्या दरवाज्यांवरचे शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी बघा, पंजात हत्ती पकडलेले. वेरूळच्या २१ नंबरच्या लेण्यात गंगेच्या पायाखाली मकर, म्हणजे मगरीसारखा काल्पनिक प्राणी आहे, तोही बघा. मकर तर नवशिक्यांना बेस्ट, कारण पोट जमिनीला टेकलेलं.

प्रश्न: रंगवल्यावर सगळं खेळण्यातल्या प्लॅस्टिकसारखं दिसतं. पाठ हिरवी, पोट पिवळं असं केलंय. (ठाणे)

एकच हिरवा सपाट मारलाय म्हणून. आधी सगळीकडे गडद तपकिरी द्या, तो वाळला की हिरवा द्या पण खाचांमधला तपकिरी राहू द्या, मग ब्रशला फिकट हिरवा लावून तो कपड्याला जवळजवळ पूर्ण पुसून घ्या आणि खवल्यांवरून नुसता फिरवा, उंचवट्यांनाच रंग लागतो. शेवटी पाण्यात खूप पातळ केलेला काळपट रंग खाचांत सोडायचा.

पाठ गडद आणि पोट फिकट हे निसर्गात असतंच, मासे बघा, हरणं बघा. ॲबट थेयर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं १८९६ मध्ये त्याचं कारण मांडलं, की वरून ऊन पडून पाठ उजळते, पोट सावलीत जातं, आणि रंग त्याच्या उलट असल्यामुळे प्राणी सपाट दिसतो आणि लपतो. आता तुम्हाला तो लपवायचाय का शोकेसमध्ये दाखवायचाय? पोट फिकट ठेवा, पण मांडीखाली, काखेत, गळ्याखाली सावली नीट गडद करा, नाहीतर मेहनतीनं केलेला उठाव तुम्हीच पुसून टाकता.

प्रश्न: पॉलिमर क्लेवर चमक यावी म्हणून नेलपॉलिश मारलं, महिना झाला तरी चिकट आहे. (पणजी)

राहणारच. नेलपॉलिशमधलं द्रव्य त्या प्लॅस्टिकला मऊ करत बसतं, कितीतरी स्प्रे व्हार्निशांचंही तेच. पाण्यावर आधारलेलं ॲक्रिलिक व्हार्निशच घ्या. आणि पावसाळ्यात स्प्रे मारू नका, ओल धरून पांढुरकं होतं, गोव्यात काय मी सांगायला नको.

प्रश्न: डोळे जमत नाहीत, मेल्यासारखे दिसतात. (बडोदा)

डोळे शेवटी लावता ना? आधी लावा. दागिन्यांचं सामान मिळतं तिथे काचेचे छोटे अर्धगोल मिळतात, त्याच्या सपाट बाजूवर आधी बाहुली रंगवा, मग भोवतीचा रंग, मग मागे सगळा काळा. कवटीत बसवा आणि त्यावरून मातीच्या पापण्या ओढून घ्या, वरची पापणी बाहुलीच्या काठाला थोडी झाकेल अशी. पूर्ण गोल डोळा दिसला की तो घाबरलेला तरी दिसतो नाहीतर मेलेला. बाहुली उभी का आडवी ते मात्र प्राणी काय खातो त्यावर ठरवा. दबा धरून बसणाऱ्या मांजरीची उभी, चरणाऱ्या शेळीची आडवी. तुमच्या फोटोतल्या राक्षसाला सुळे वाघाचे आणि डोळे शेळीचे आहेत.