नॅनोकण पाण्यात ‘विरघळवले’ की ‘विखुरले’?

नांदेडच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: “टायटेनियम डायऑक्साइडचे नॅनोकण अल्ट्रासाउंडने पाण्यात विरघळवले, असं मराठी लेखात लिहिलं तर चालेल का?”

नाही चालणार. मीठ, साखर विरघळते. टायटेनियम डायऑक्साइड पाण्यात विरघळतच नाही. पाणी दुधासारखं पांढरं होतं ते कण सुटे होऊन त्यात तरंगत राहतात म्हणून. थोडं पातळ करून लेझर धरून बघा, झोताची रेघ स्वच्छ दिसेल. मिठाच्या पाण्यात ती दिसत नाही.

‘बारीक केले’ हेही नको. कोरड्या भुकटीत हे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झालेल्या असतात. अल्ट्रासाउंड यंत्राचा प्रोब (पाण्यात बुडवायची धातूची कांडी) सेकंदाला साधारण 20,000 वेळा थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि लगेच आतल्या आत मिटतात. त्या धक्क्याने गुठळ्या फुटतात. मूळ कण सहसा होता तेवढाच राहतो. (पाणी भराभर तापतं, म्हणून बीकर बर्फात ठेवायचा.) तेव्हा सरळ लिहा: ‘गुठळ्या फोडून कण पाण्यात विखुरले.’ प्रयोगशाळेत सगळे ‘सोनिकेट केलं’ म्हणतात, तेही एकदा सांगून खुशाल वापरा.

विखुरलेले कण तसेच राहतील याची मात्र खात्री नाही. सारखा विद्युतप्रभार त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. मराठवाड्यात पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, ती मातीच्या कणांवरचा हाच प्रभार मारते. कण गोळा होऊन खाली बसतात, पाणी निवळतं. टायटेनियम डायऑक्साइडवरचा प्रभार सामू (pH) 6 च्या आसपास जवळजवळ नाहीसा होतो आणि तळाशी पांढरा थर दिसू लागतो. त्याला ‘अवसादन’ कशाला? ‘साका बसला’ हा आपला नेमका शब्द आहे.

विखुरण्याला इंग्रजीत ‘डिस्पर्शन’ म्हणतात, पण त्याचा ‘अपस्करण’ हा प्रतिशब्द शाळेच्या पुस्तकात प्रकाशासाठी रुळलेला आहे, तो इथे आणू नका. अल्ट्रासाउंडला ‘स्वनातीत’ही नको, ते ध्वनीपेक्षा वेगवान विमानाला म्हणतात. इथे ‘श्राव्यातीत ध्वनी’ हवा.

पुढे झिंक ऑक्साइडवर लिहिणार असाल तर एक ध्यानात ठेवा: पाण्यात आम्ल घातलं की तो खरोखरच विरघळतो. तिथे ‘विरघळला’ हेच बरोबर.