अल् निनो कोण हाय, बाप्पा?

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. आमच्या पोरानं एक जुनं कात्रण जपून ठेवलं आहे. चांद्रयान उतरलं त्या आठवड्यात लोकांनी इंग्रजी विकिपीडियावर सगळ्यात जास्त काय पाहिलं, त्याची यादी. चांद्रयान-३ आहे त्यात, पण सोबत अमेरिकेतला एक मेलेला पैलवान आहे आणि विमान पडून गेलेला एक रशियन. लोकांना एवढंच पडलं आहे का? त्या आठवड्यात आपलं सोयाबीन करपत होतं, त्याचं नाव कुठेच नाही. – एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, तुमचा राग समजतो, पण त्या पैलवानाला एवढ्यात हाकलू नका. त्याचं नाव ब्रे वायट. २४ ऑगस्ट २०२३ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. दुसऱ्याच दिवशी आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर तीन पोट्टे धापा टाकत आले, "गुरुजी, तो कंदीलवाला खरंच मेला का?" मला आधी काही उमगेना. मग कळलं, हा गडी हातात कंदील घेऊन अंधारातून आखाड्यात यायचा आणि पोट्टे ते टीव्हीवर डोळे फाडून पाहायचे. ज्याला आपण पाहिलं तो गेला, हे खरं की खोटं एवढंच त्यांना हवं होतं. जगभरच्या पोट्ट्यांनी तेच केलं. फरक इतकाच, की आमच्यांनी मला विचारलं.

रशियन म्हणजे प्रिगोझिन. 'वॅग्नर' नावाच्या भाडोत्री फौजेचा मालक. जूनमध्ये त्यानं मॉस्कोकडे फौज वळवली होती आणि बरोबर दोन महिन्यांनी, २३ ऑगस्टला, त्याचं विमान पडलं. म्हणजे चांद्रयान उतरलं तोच दिवस. माणूस बातमी ऐकतो, नाव अर्धवट कानावर पडतं, आणि "हा कोण?" म्हणून तो पान उघडतो. ही यादी बातमीच्या मागे मागे चालते. वावरात काय जळतं आहे ते तिच्यात दिसायचं नाही.

ते दिसतं माझ्या वहीत. आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं, वर्धा नदीच्या काठावरच्या गावातलं. निवृत्त झालो तरी किल्ली माझ्याकडेच आहे. लोक काय विचारतात ते मी दोनशे पानी वहीत टिपून ठेवतो, ही जुनी खोड. तुमचं पत्र आलं तसा तोच आठवडा काढून पाहिला. २० ते २६ ऑगस्ट, एकूण ३१ नोंदी. त्यातल्या नऊ पावसाच्या. पाच त्या किसानच्या पैशाच्या ई-केवायसीच्या, ज्यांचं उत्तर कोणत्याच कोशात नसतं. चांद्रयानाच्या चार. २३ तारखेला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरलं तेव्हा ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांतच एका बाईनं विचारलं, "चौदाच दिवस काहून चालते ते?" प्रश्न एकदम बरोबर. चंद्रावरचा दिवस आपल्या साधारण १४ दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच. यान उन्हावर चालणारं, त्यामुळे सूर्य मावळला की संपलं.

आता त्या नऊ नोंदींतली एक सांगतो. २५ तारीख, दुपारचे चार. आमच्याकडे पावसानं तीन आठवड्यांची दडी मारलेली. पुढे हवामान खात्यानं सांगितलं, की १९०१ पासून नोंदी आहेत तेव्हापासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो हाच. भेगाळलेल्या वावरातून एक म्हातारे कास्तकार थेट ओट्यावर आले. दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "गुरुजी, हा अल् निनो कोण हाय बाप्पा? टीव्हीवर सांगून रायले का तो आला म्हनून पानी गेलं. आपल्या पऱ्हाटीशी त्याचं काय वैर हाय?"

मी मोबाईलवर पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. ओट्यावर तोवर दहा-अकरा जण जमलेच होते, रिकामा ऑगस्ट. अल् निनो म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मुलगा', बाळ येशू. पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना नाताळाच्या सुमारास समुद्राचं पाणी कोमट झालेलं जाणवायचं, त्यांनी हे नाव दिलं. एरवी प्रशांत महासागरावरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेलं पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. ढग तिकडेच धरतात, पाऊसही तिकडेच. हे वारे मंदावले की गरम पाणी उलटं पूर्वेकडे पसरतं. ढगही त्याच्यामागे जातात आणि आपल्या पावसाचा जोर पुष्कळदा कमी होतो. म्हातारेबुवा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे बांध फुटला अन् पानी दुसऱ्याच्या वावरात वळलं." याहून नेटकं मला सांगता आलं नसतं.

पुष्कळदा म्हटलं, नेहमी नाही. १९९७ साली अल् निनो जबर होता, तरी देशात पाऊस सरासरीएवढा पडला. हेही मी त्यांना सांगितलं. "मंग ह्याचा भरोसा काय?" म्हणून ते उठून गेले.

तर भाऊ, त्या दुपारी अल् निनोचं पान उघडलं गेलं एकदा. ऐकलं अकरांनी, आणि रात्रीपर्यंत निम्म्या गावाला पाठ झालं. विकिपीडियाच्या मोजदादीत ते पडलं एक. आपल्याकडच्या गावांत कोश असाच वाचला जातो, एकाच्या मोबाईलवर बाकीच्यांच्या कानांनी. म्हणून तुमचं सोयाबीन यादीत सापडत नाही.

प्रश्न : सर, ह्या याद्या खऱ्या असतात का? आमच्या वर्गातले म्हणतात, कोणीही रोबो लावून आकडा फुगवू शकतो. – बारावीची विद्यार्थिनी, दारव्हा

उत्तर : बेटा, तुझ्या वर्गातले अगदीच चुकत नाहीत. मोजणारे यंत्रांच्या भेटी वेगळ्या काढायचा प्रयत्न करतात. साधी खूण अशी : माणसं एखादं पान पाहतात तेव्हा काही मोबाईलवरून पाहतात, काही संगणकावरून. एखाद्या पानाच्या जवळपास सगळ्या भेटी एकाच बाजूच्या दिसल्या, की दाल में काला समजून ते पान आठवड्याच्या यादीतून गाळतात.

पण कधी माणसंच कोणाच्या तरी सांगण्यावरून बोट दाबतात. क्लिओपात्राचं पान काही काळ भलतंच वर होतं. फोनमधला गुगल असिस्टंट उदाहरण म्हणून सुचवायचा, 'क्लिओपात्रा दाखव' असं म्हणून पाहा, आणि लोक पाहायचे. इजिप्तच्या राणीची ओढ एकाएकी कोणालाच लागली नव्हती.

सगळ्यात मजेची गोष्ट एका फुलाची. विकिपीडियाची चित्रं जिथं साठवतात तिथं जांभळ्या ॲस्टरचा एक फोटो आहे. दसऱ्याला आपल्या बाजारात झेंडूच्या बाजूला जे ॲस्टर असतं, त्याच्या नात्यातलं हे फूल. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या तंत्रज्ञांच्या लक्षात आलं, की हा एकच फोटो दिवसाला सुमारे ९ कोटी वेळा मागवला जातो आणि मागणी भारतातून येते. टिकटॉकवर बंदी आली २९ जून २०२० ला, आणि आकडा चढायला लागला तोही त्याच सुमारास. शोधता शोधता कळलं, की टिकटॉकच्या जागी लोकांनी घेतलेलं एक ॲप उघडलं की गुपचूप हे फूल मागवायचं, बहुधा नेट चालू आहे का ते तपासायला. फूल पडद्यावर दिसायचंही नाही. दिवसाला ९ कोटी आणि पाहणारा एकही नाही!

आमच्या वाचनालयाच्या हजेरी वहीचं असंच व्हायचं. तपासणीचा साहेब येणार म्हटलं, की आदल्या संध्याकाळी सह्या वाढायच्या. वेगवेगळ्या पेनांनी. मी तेव्हा डोळेझाक केली, आता कबूल करतो.

प्रश्न : आमची आजी पेपर आला की आधी निधनाच्या बातम्या वाचते. ही सवय वाईट का? – एक वाचक, चांदूर

उत्तर : मुळीच नाही. तुमच्या आजीला जगभर सोबत आहे. इंग्रजी विकिपीडियावर 'या वर्षी गेलेली माणसं' असं एक पान असतं. २०२३ मध्ये वर्षभरात ते ४ कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलं आणि वर्षाच्या यादीत दुसरं आलं. पहिलं चॅटजीपीटी, तिसरं आपला क्रिकेट विश्वचषक. २०२४ मध्ये तर मेलेल्यांचं पान पहिलं आलं. आजीला चष्मा नवा घेऊन द्या.

दुरुस्ती : मागच्या अंकात मी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जन्म अमरावतीचा लिहिला. परतवाड्याच्या एका वाचकांनी पोस्टकार्डावर कान धरला. केतकर जन्मले रायपूरला, १८८४ मध्ये. शिकले अमरावतीत. ज्या माणसानं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले त्याच्याच नोंदीत चूक करावी, म्हणजे माझी कमालच. ज्या वहीतून मी ते उतरवलं होतं तिच्यात तांबड्या शाईनं दुरुस्त केलं आहे. अंक जपून ठेवत असाल तर तुम्हीही करून घ्या, पान ४१, खालून तिसरी ओळ.