कॅथरीन सिंक्लेअर कोण होती? मुलांसाठी तिने असं काय वेगळं लिहिलं?

प्रश्न बघून बरं वाटलं, या बाईबद्दल आपल्याकडे कोणी विचारत नाही. जन्म १८०० चा, एडिंबराचा. वडील सर जॉन सिंक्लेअर, म्हणजे अख्ख्या स्कॉटलंडची गावागावातली माहिती जमवून ग्रंथ काढणारे, आणि ही चौदाव्या वर्षापासून ते १८३५ मध्ये वारले तोपर्यंत त्यांची लिखापढी सांभाळत होती. बहुतेक पुस्तकं त्यानंतरची.

वाचायचं असेल तर १८३९ चं 'हॉलिडे हाऊस' घ्या. तेव्हाच्या पुस्तकांतली मुलं एकतर अगदी गुणी नाहीतर वाया गेलेली, आणि पानापानावर उपदेश. हिने प्रस्तावनेतच लिहिलंय की अशाने मुलांच्या डोक्याचं यंत्र होईल. तिची लॉरा आणि हॅरी ही आई नसलेली भावंडं, आजी आणि डेव्हिड काकांकडे राहतात, सांभाळायला मिसेस क्रॅबट्री, जिच्या हातात कायम चामड्याचा पट्टा. एका संध्याकाळी लॉरा कात्री घेऊन स्वतःचे कुरळे केस भादरते आणि तिकडे हॅरी मेणबत्तीशी खेळता खेळता खोलीला आग लावतो, तरी लेखिका त्यांना वाईट मुलं म्हणत नाही, हे मला फार म्हणजे फारच आवडतं. उलट काका त्यांना गोष्ट सांगतात, त्यातला राक्षस इतका उंच की केस विंचरायला त्याला शिडी लावावी लागते आणि आळशी मुलांना तो कोठीत हुकाला केसांनी टांगून ठेवतो! परीकथांना नाकं मुरडणाऱ्या काळात हे छापणं सोपं नव्हतं.

शेवट मात्र जड आहे, लॉरा-हॅरीचा थोरला भाऊ फ्रँक मरण पावतो. लहान मुलांना वाचून दाखवणार असाल तर आधी स्वतः वाचा, मी तसंच केलं होतं आणि शेवटची प्रकरणं मुलं थोडी मोठी झाल्यावर दिली.

लिखाणाइतकंच तिचं दुसरं कामही मोठं. कष्टकऱ्यांना स्वस्तात गरम जेवण मिळावं म्हणून तिने एडिंबरात स्वयंपाकघरं काढली आणि १८५९ मध्ये प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला पाणपोई बांधून घेतली. १८६४ मध्ये ती गेली. ट्रामला अडचण होते म्हणून १९३२ मध्ये पाणपोई काढली, पण तिचा उरलेला दगड एडिंबराच्याच लीथ भागातल्या एका पायवाटेशेजारी अजून उभा आहे. त्यावर कोरलंय की पाणी फक्त माणसासाठी नाही, कारण घोड्या-कुत्र्यांनाही तिथे प्यायला मिळायचं.